शिट्टी ऐकूनही

चौकाच्या तोंडाशी असलेल्या लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंना माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट लपवून ठेवण्याइतकी त्यांना कुणाची पर्वाही नव्हती. उभं आयुष्य लोकांचे मळके कपडे हाताळण्यात गेलं होतं. माणूस कपड्यांवरून कळतो, असं त्या म्हणत, आणि त्यांना कळलेला माणूस काही फार चांगला नव्हता. बँकेतल्या ज्या साहेबापुढे अर्धी गल्ली मान लववायची, त्याच्या शर्टाच्या काखा बघून बाई म्हणायच्या, "पगार एवढा, पण अंगाला पाणी लावायची ऐपत नाही." व्यायामाच्या गप्पा मारणाऱ्या एका तरुणाच्या पँटच्या खिशातून मिठाईचे कागद निघाले, तेव्हा त्यांनी ते काउंटरवर ओळीने मांडून ठेवले आणि तो कपडे न्यायला आल्यावर नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो पुन्हा आला नाही. "बरं झालं," बाई म्हणाल्या, "त्याच्या घामाला तसाही साबण पुरत नव्हता."

लोक त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'फणकारा'. बाईंना ते ठाऊक होतं. नवरा वारला तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. "जिवंत होता तेव्हा कधी त्याला 'बस' म्हणाला नाहीत, आता रडायला खुर्ची मागताय?" त्यानंतर दुकान त्यांनी एकटीने चालवलं. एकटीने म्हणजे त्यांच्या हिशोबाने एकटीने. मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपाशी एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा असे, तो त्यांच्या हिशोबात नव्हता.

हा माणूस नवऱ्याच्या वेळेपासून होता. बाई त्याला मुका म्हणत. तो मुका नव्हता, फक्त बोलायचा नाही. हॉटेलच्या चादरींचा ढीग सकाळी कमरेइतका असे आणि संध्याकाळी त्याच्या घड्या एकावर एक अशा रचलेल्या असत की कडेला सुताचा फरक नाही. याबद्दल बाईंनी त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. एखाद्या घडीला सुरकुती दिसली तर मात्र, "अरे मुक्या, डोळे घरी ठेवून आलास का?" हे ठरलेलं. तो चादर परत उलगडायचा, परत इस्त्री फिरवायचा. बस.

बाईंचे वडील या देशात रीतसर अर्ज करून, रांगेत उभे राहून आले होते. त्या रांगेचा बाईंना एवढा अभिमान होता, जणू ती त्यांनी स्वतःच लावली होती. ज्यांच्यापाशी कागद नव्हते त्यांना त्या 'मागच्या दाराने शिरलेले' म्हणत. मुका रोज सकाळी दुकानात मागच्या दारानेच शिरत असे आणि त्याच्यापाशी कागद नव्हते. बाईंना हे माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग चादरी कुणी केल्या असत्या? सोयीच्या गोष्टीकडे डोळेझाक करायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग एके सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीपुढे पांढरी गाडी येऊन थांबली. परदेशी माणसं पकडणाऱ्या खात्याची ती गाडी, म्हणून त्यातल्या अधिकाऱ्यांना सगळे 'गाडीवाले' म्हणत. ते तोंडाला फडकी बांधून उतरले आणि भट्टीवरच्या तिघांना पीठ लागलेल्या हातांनिशीच उचलून घेऊन गेले. गल्लीने हे सगळं पडद्याच्या फटीतून पाहिलं. नंतर दिवसभर जो तो सांगत होता की मी खाली उतरणारच होतो, तेवढ्यात गाडी निघाली.

"कायद्याचं काम करायला आलेत म्हणे," बाई काउंटरवरून बोलल्या. "कायद्याचं काम करायला तोंड कशाला झाकावं लागतं? माझ्याकडची चादर पळवणारा चोरसुद्धा तोंड दाखवून पळवतो."

बेकरीवाल्याने मात्र कमाल केली. माणसं नेली तेव्हा तो गल्ल्यावर उभा राहून पाव मोजत होता, आणि दुपारी त्याने दारावर पाटी लावली, 'भट्टीसाठी कामगार पाहिजेत.' बाईंनी त्या दिवसापासून त्याचा पाव बंद केला. तत्त्व वगैरे काही नाही. "मेल्याने भट्टी तरी थंड होऊ द्यायची," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून चौक ओस पडला. बसथांब्यावर माणूस दिसेना. शाळेच्या फाटकाशी गलका करणाऱ्या आया गायब झाल्या. लॉन्ड्रीत धुऊन ठेवलेले गठ्ठे न्यायला कुणी येईना, मांडणी भरली, मग गठ्ठे जमिनीवर आले. आणि मुका यायचा थांबला.

बाईंनी इस्त्री स्वतः हातात घेतली. संध्याकाळपर्यंत त्यांचं मनगट भाजलं, कंबर धरली आणि हॉटेलच्या व्यवस्थापकाने फोन करून विचारलं, चादरी इस्त्री केल्यात की चुरगळून पाठवल्यात? मुक्यावर त्या मनातल्या मनात इतकं तोंडसुख घेत होत्या की तो समोर असता तर नक्की बहिरा झाला असता.

त्याच आठवड्यात मास्तर आले. हे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सडपातळ, मोठ्या चष्म्याचे, आणि बोलताना अजूनही समोर वर्ग बसलाय अशा थाटात हवेत बोट उभं करणारे. त्यांनी आजूबाजूच्या लोकांना जमवून एक गट केला होता. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत शिट्ट्या.

"बाई, ही तुमच्यासाठी. सकाळी आमची माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहणार. गाडी दिसली की शिट्टी. शिट्टी ऐकली की प्रत्येकाने हातातलं काम टाकून बाहेर यायचं, भोवती उभं राहायचं आणि न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाखवा म्हणायचं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. फक्त उभं राहायचं."

"बसचे कंडक्टर भरती करताय का?" बाईंनी शिट्टी चिमटीत धरून पाहिली. "त्यांच्या कमरेला पिस्तुलं, आणि तुम्ही पी-पी करणार."

"कालच शाळेच्या कोपऱ्यावर उपयोग झाला. माणसं जमली, त्यांच्याकडे कागद नव्हता, ते निघून गेले."

"त्यांची जेवायची वेळ झाली असेल."

मास्तर हसले, रागावले नाहीत, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. शिट्टी त्यांनी बटणांच्या डब्यात टाकून दिली.

जमिनीवरचे गठ्ठे मात्र रोज पायात येत होते. शेवटी बाईंनी ते दुकानाच्या टेम्पोत भरले आणि घरोघर पोचवायला निघाल्या. कळवळा आला म्हणून नव्हे. "माझं दुकान म्हणजे यांचं गोदाम नाही," असं ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्या स्वतःलाच मोठ्याने सांगत होत्या.

दार ठोठावलं की आतली चाहूल थांबायची. टीव्हीचा आवाज बंद, भांड्याचा आवाज बंद. "अहो, लॉन्ड्रीवाली आहे!" बाई ओरडायच्या. "तुमच्या चड्ड्या घेऊन आलेय, अटक करायला नाही!" मग दार बोटभर उघडायचं. आत दिवसा पडदे ओढलेले, दिवे मालवलेले, कोंदट हवा. एका खोलीत शिवणकाम करणारी बाई मशीनचा आवाज नको म्हणून हाताने टाके घालत बसली होती. तिच्या म्हाताऱ्याचं साखरेचं औषध संपून गेलं होतं आणि औषधाचं दुकान होतं रस्त्याच्या समोर. समोर! बाईंनी कपाळावर हात मारला, तणतणत रस्ता ओलांडला, औषध आणून तिच्या हातावर आपटलं. "काय हे घाबरणं! उंदीरसुद्धा खायला बाहेर येतो." वरच्या मजल्यावर दूध नव्हतं. त्याच्या शेजारच्या घरात बाळाला ताप होता. संध्याकाळी टेम्पो रिकामा झाला तेव्हा बाईंच्या खिशात इतरांच्या सामानाच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या तोंडाने अखंड बडबडत होत्या, हमाल आहे का मी यांची, हमाल?

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांप्रमाणे सामान घेऊन त्या परत गेल्या. लोक त्यांच्या शिव्या ऐकून घेत आणि दूध ठेवून घेत. शेवटचं घर त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

मुक्याचं घर म्हणजे गॅरेजच्या वरची एक खोली. तो जमिनीवर बसून वाटाणे सोलत होता. त्याची लहानगी मुलगी त्याच्या पाठीला टेकून चित्रं रंगवत होती. बायको घरात नव्हती.

"कुठाय ती?"

"कामावर," मुका म्हणाला. ती कार्यालयं झाडायला जात असे, हे बाईंना माहीत होतं. तिच्यापाशीही कागद नव्हते, हेही माहीत होतं.

बाईंचा इतक्या दिवसांचा साचलेला सगळा संताप बाहेर पडला. "म्हणजे बायको जीव मुठीत धरून बाहेर जाते, आणि तू पुरुषासारखा पुरुष इथे पडदे लावून वाटाणे सोलतोस? अरे, लाज कशी वाटत नाही? तुझ्या मुलीने बघितलंय ना, बाप कुठे लपतो ते? मोठी झाल्यावर सांगेल सगळ्यांना."

मुलीचा रंगवणारा हात थांबला. मुक्याने मान वर केली, बाईंकडे पाहिलं, मग हातातल्या शेंगेकडे पाहिलं. शेंग सोलली. बाई जिना उतरताना समाधानात होत्या. माणसाला असं टोचलं की माणूस हलतो, हा त्यांचा अनुभव होता.

आणि तो हललाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार वाजलं. मुका आला, ॲप्रन बांधलं, इस्त्री तापत ठेवली. "आलास का!" बाई म्हणाल्या. "बघ, काही गिळलं नाही तुला कुणी." तो कामाला लागला. चादरींच्या कडा पुन्हा सुतात आल्या, हॉटेलवाला गप्प झाला. काही दिवस असे गेले. बाई खूश होत्या, म्हणजे नेहमीपेक्षा कमी चिडत होत्या.

एका सकाळी त्या ड्रायरमधून गरम टॉवेल काढून घड्या घालत होत्या. ड्रायर बंद झाला होता, दुकानात शांतता होती. मुका अजून आला नव्हता आणि उशिराबद्दल त्याला काय काय ऐकवायचं, त्याची त्या मनात जुळवाजुळव करत होत्या. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.

चांगली लांब, कर्कश शिट्टी. मग परत. मग थांबून थांबून, दम लागलेल्या माणसाने फुंकावी तशी.

'झाला मास्तरांचा पोरखेळ सुरू,' बाईंच्या मनात आलं. त्यांनी पुढचा टॉवेल उचलला. शिट्टी वाजत राहिली. बाईंनी आणखी एक टॉवेल घडी केला, मग आणखी एक. मग शिट्टी थांबली.

थोड्या वेळाने मास्तर दारात आले. त्यांच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटली होती आणि चष्म्याची एक काच नव्हती.

"बाई, त्याला नेला."

"कुणाला?"

"तुमच्या इस्त्रीवाल्याला. इथेच, तुमच्या भिंतीला लावून उभा केला होता. तो एक शब्द बोलला नाही. चांगला बराच वेळ धरून ठेवला त्याला. मी शिट्टी फुंकतोय, कागद मागतोय. आम्ही चार-पाचजणच होतो, अजून पाचसहा माणसं आली असती तर... मला ढकलून दिलं." त्यांनी श्वास घेतला. "तुम्ही आतच होतात ना? ऐकू नाही आली?"

"यंत्र चालू होतं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी बंद ड्रायरकडे पाहिलं. मग टॉवेलच्या नीट रचलेल्या घड्यांकडे पाहिलं. ते वळून निघून गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. उलट चार सुनावता आले असते.

दुपारी मुक्याची बायको आली. आजवर ती काउंटरपाशी आली तर खाली बघून बोलायची. आज तिने बाईंच्या डोळ्यांत डोळे घातले.

"आमच्यात ठरलं होतं बाई. दोघांपैकी एकानेच बाहेर पडायचं. दोघं एकदम सापडलो तर पोरीला शाळेतून आणायला कोण जाणार? माझ्याकडे कुणी बघत नाही, बादली हातात असली की बाईमाणूस दिसतच नाही कुणाला. म्हणून मी जायचं आणि त्यांनी थांबायचं. ते घाबरून नव्हते बसले घरात. आणि तुम्ही येऊन पोरीसमोर..." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रात्री पोरीने विचारलं त्यांना, बाबा तुम्ही लपलाय का?"

बाईंनी तोंड उघडलं. "मग त्याने तेव्हा सांगायचं ना मला."

"तुम्ही कधी त्यांचं काही ऐकून घेतलंय?" ती म्हणाली. ज्या नजरेने बाई आयुष्यभर लोकांच्या मळक्या कॉलरी बघत आल्या होत्या, तशाच नजरेने तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती निघून गेली.

बाई स्टुलावर बसल्या. गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला त्या चुकीचा गठ्ठा देऊन बसल्या. मग दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तरांची बहीण त्यांच्या खांद्याला मलम लावत होती.

"वकील कोण आहे तुमचा?" बाईंनी दारातूनच विचारलं.

वकील ही एक तरुण मुलगी निघाली, बुटांच्या नाड्या सुटलेली, दोन फोन एकदम कानाला. बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण आज ती त्यांनी बोलून दाखवली नाही. वकीलबाईंनी समजावलं, की हा माणूस इतकी वर्षं इथे राहतोय, कष्ट करतोय, मुलगी इथल्या शाळेत आहे, हे दाखवता आलं तर खटला निकाली लागेपर्यंत न्यायाधीश त्याला बाहेर सोडू शकतात. पण कामाबद्दल सांगणार कोण? मालकाने सांगितलं तर मालकच अडकतो. बिनकागदी माणूस कामाला ठेवल्याचा दंड होतो, परवान्यावर गदा येते.

"म्हणजे बेकरीवाल्याने काय केलं?"

"ते म्हणाले, मी या तिघांना ओळखत नाही."

बाई बेकरीवाल्याच्या नावाने जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाची खोली भरून गेली. मास्तरांनी माणसं जमवली होती. ज्यांच्याकडे कागद होते ते आले होते, ज्यांच्याकडे नव्हते त्यांची मुलं सांभाळायला काहीजण मागे राहिले होते. मुका पुढे बसला होता. अंगातले कपडे तिथलेच, आणि इतके चुरगळलेले, की बाईंचे हात नुसते शिवशिवले.

साक्षीला उभ्या राहिलेल्या बाईंना सरकारी वकिलाने विचारलं, "याच्यापाशी कागद नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तरी तुम्ही त्याला कामावर ठेवलंत?"

"ठेवला. मागच्या दाराने आत घेतला आणि मागच्या खोलीतच ठेवला. तुम्ही ज्या हॉटेलात उतरलाय ना साहेब, तिथली चादर त्याच्या हातची आहे. शांत झोप लागली असेल तर यालाच धन्यवाद द्या." खोलीत हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं. बाई हसल्या नाहीत. "आणि आणखी एक लिहून घ्या. तो घरात सुरक्षित होता. बाहेर मी काढला. त्याला भित्रा म्हणून. शिट्टी वाजली तेव्हा मी आतच होते आणि मला ती ऐकू आली होती."

हे कुणी विचारलं नव्हतं. वकीलबाईंनी चमकून पाहिलं. मास्तरांनी पाहिलं नाही, ते समोर बघत राहिले.

मुक्याला खटला संपेपर्यंत सोडलं. आठवड्याला हजेरी लावायची अट होती, आणि पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही. बाईंना दंड झाला. हॉटेलने काम काढून घेतलं, कारण अशा भानगडींशी आपलं नाव जोडलेलं त्यांना चालणार नव्हतं. त्याच हॉटेलचं स्वयंपाकघर कुणाच्या हातांवर चालत होतं, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि तसं त्यांनी व्यवस्थापकाला फोनवर ऐकवून ठेवलं.

बाई आता सकाळी शाळेच्या कोपऱ्यावर उभ्या राहतात. गळ्यात शिट्टी असते. कुणाला वाटेल, त्या निवळल्या असतील. अजिबात नाही. उशिरा येणाऱ्याची हजेरी घेतात, फोनमध्ये तोंड घालून उभ्या असलेल्याला घरी पाठवून देतात आणि मास्तरांना म्हणतात, "ही शिट्टी फुंकताय की दुधावरची साय बाजूला करताय?" एकदा गाडी आली तेव्हा फडकं बांधलेल्या एका गाडीवाल्याच्या अगदी नाकासमोर जाऊन त्या इतकंच म्हणाल्या, "फडकं धुऊन घाल रे, वास येतोय." भोवती माणसं जमली होती, कागद नव्हता, गाडी गेली.

मुका एकदाच दुकानात आला. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे राहिली होती, ती त्याने काउंटरवर ठेवली. या वेळी तो पुढच्या दाराने आला होता.

"बस," बाई म्हणाल्या.

तो उभाच राहिला.

"कधीपासून येतोस?"

"नाही येणार बाई. सुताराकडे लागलोय. तो बरा आहे."

बाईंच्या तोंडावर आलं, की सुताराला तू काय कामाचा, तुला खिळा तरी धरता येतो का? नेहमीची जीभ, नेहमीची वाट. त्यांनी ती दातांखाली धरली. पण ती धरल्यावर बोलायला दुसरं काहीच उरलं नाही, आणि मुका वाट बघत उभा होता, बाई काहीतरी बोलतील म्हणून.

"पोरगी कशी आहे?" शेवटी बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ठीक आहे."

"बायको?"

"तिला मी इथे आलोय हे सांगितलेलं नाही," मुका म्हणाला. त्याने मान हलवली आणि बाहेर पडला. बाई काउंटरच्या मागून पुढे आल्या, दारापर्यंत गेल्या. तो बसथांब्यावर, भर उजेडात, सगळ्यांच्या देखत उभा होता. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मुक्या म्हणून हाक मारणं आता शक्य नाही आणि त्याचं खरं नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं. कोर्टात पुकारलं होतं, पण तेव्हा त्या सरकारी वकिलाच्या टायकडे बघत होत्या.

बस आली. तो चढला.

"अक्कलशून्य बाई," बाई स्वतःला म्हणाल्या, चांगलं मोठ्याने. आत कपडे न्यायला आलेल्या एका बाईला वाटलं, आपल्यालाच म्हणाल्या. ती आपला गठ्ठा न घेताच निघून गेली.